भारी गोळीचं ताक

निकिताचं पत्र सूर्यभाननानांनी शब्दकोशात 'उ' या अक्षरापाशी ठेवलं होतं. उ म्हणजे उत्तर. शब्दकोश उघडला की पत्र दिसेल आणि पत्र दिसलं की उत्तराची आठवण होईल, अशी ती योजना. पण सगळी हयात श्रीगोंद्याच्या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून काढलेल्या माणसाला शब्दकोश उघडण्याचा प्रसंग क्वचित येतो, आणि आला तरी तो 'उ'पाशीच येईल याची शाश्वती नसते. पत्र दिवाळीत आलं होतं. उन्हाळा लागला तरी ते तिथेच होतं.

निकिता म्हणजे नानांच्या थोरल्या भावाची नात. लहानपणी ती वाचनालयात नानांच्या टेबलाखाली बसून पुस्तकं वाचायची. आता पुण्यात डॉक्टर होऊन ती जंतूंचा अभ्यास करत होती. फोन करायची सोय होतीच, पण फोनवर नाना 'हं' याखेरीज काही बोलत नाहीत आणि 'हं' एवढ्यावर कुणाचा अभ्यास होत नाही, हे ओळखून तिने पत्र लिहिलं. पत्र साधं होतं. माणसं यात्रेला जातात, ऊसतोडीला जातात, नोकरीला परदेशी जातात, आणि त्यांच्या पोटातून जंतूही फुकट प्रवास करतात, असं तिने लिहिलं होतं. प्रवासात पोट बिघडलं तर बहुतेक वेळा मीठ-साखरेचं पाणी पुरतं. ताप चढला किंवा रक्त पडलं तर डॉक्टर गाठावा. पण लोक उगाच अँटिबायोटिक खातात, तीही एखाद-दुसरी. त्यातून जे जंतू वाचतात ते पुढे त्या गोळीला जुमानत नाहीत, आणि असे निर्ढावलेले जंतू माणूस गावी घेऊन येतो. शेवटी तिने विचारलं होतं, 'आजोबा, मला एवढंच कळवा. आपल्या गल्लीत उरलेल्या गोळ्यांचं लोक काय करतात?'

नाना त्याच दिवशी उत्तर लिहायला बसले आणि मायन्यातच अडकले. 'चि.' लिहावं तर मुलगी डॉक्टर, आणि 'डॉ.' लिहावं तर मुलगी घरची. दोन्ही लिहिलं तर कागदावर जत्रा भरल्यासारखी दिसते. मायन्याचा प्रश्न बाजूला ठेवून ते मजकुराकडे वळले, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की गल्लीत उरलेल्या गोळ्यांचं काय होतं हे त्यांना ठाऊक नाही. ऐकीव माहितीवर लिहिणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. दुसऱ्याच्या दारात जाऊन विचारणंही नव्हतं. या दोन स्वभावांच्या कात्रीत पत्र 'उ'पाशी गेलं.

संक्रांत झाल्यावर एके दिवशी शेजारच्या बायडाबाई ओट्यावर तीळ पाखडत बसल्या होत्या. नानांनी मनाचा हिय्या केला.

"बायडाबाई, तुमच्याकडे उरलेल्या गोळ्या असतात का?"

"कशावर पायजेत?"

"कशावर नाही. नुसतं विचारतोय."

"नुसतं कुनी गोळ्या इचारतं व्हय. थांबा, आनते."

इथे एक खुलासा आवश्यक आहे. या गल्लीत 'तुमच्याकडे विरजण आहे का' हा चौकशीचा प्रश्न नसतो, ती मागणी असते. उत्तरादाखल कुणी 'आहे' असं म्हणून आत निघून जात नाही, वाटीच घेऊन येतं. गोळ्यांचाही तोच रिवाज होता. तो नानांना ठाऊक नव्हता, कारण नानांच्या घरी विरजण मागायलाही त्यांच्या पत्नी रंगुबाईच जात असत.

बायडाबाई मूठभर गोळ्या घेऊन आल्या. "ह्या पांढऱ्या खोकल्याच्या. ह्या लाल-काळ्या आमच्या अजिनाथच्या. भाचा न्हाई का माजा, ऊसतोडीला कर्नाटकात गेल्ता, तितं ताप आल्ता. दोन दिसात उतारला म्हनून सोडल्या. लई भारी हायेत, जपून वापरा. आन् तुमी म्हागितल्या म्हनून दिल्या, दुसऱ्याला दिल्या नसत्या."

नानांनी गोळ्या परत द्यायचा प्रयत्न केला, पण दिलेलं विरजण कुणी परत घेत नाही. एवढ्यावर थांबलं असतं तर नाना उत्तर लिहून मोकळे झाले असते. पण त्याच आठवड्यात गल्लीची जगन्नाथपुरीची बस ठरत होती. बायडाबाईंनी सगळीकडे सांगितलं की नाना यात्रेसाठी गोळ्या गोळा करताहेत. दुसऱ्या दिवशी घराघरातून गोळ्या येऊ लागल्या. कुणी वर्तमानपत्राच्या पुडीत, कुणी काड्यापेटीत, तर कुणी लग्नपत्रिकेच्या पाकिटात. दोन-तीन अर्धवट सिरपच्या बाटल्याही आल्या. कातरलेल्या पाकिटांवर नावं नव्हती आणि जिथे नावं होती तिथे मुदत संपलेली होती.

संध्याकाळी यात्रेचे पुढारी आसाराम भापकर आले. आसाराम निवृत्त कंडक्टर. त्यांचा आवाज अजून शेवटच्या सीटपर्यंत जातो.

"नाना, तुमच्या घरात डाक्टर हाय. तवा औशिदाची पेटी तुमच्याकडं. ठरलं."

"माझ्या घरात नाही, ती पुण्यात असते. आणि ती जंतूंची डॉक्टर आहे."

"मंग बराबर हाय की. मानसांचे डाक्टर लई मिळत्यात वाटंत."

"पण तिचं म्हणणं असं की गोळ्या न घेतलेल्या बऱ्या."

"आवो, तिचं ते शिक्षान झालं. आपन यात्रेला चाल्लोय."

 आपण मुद्दा नीट मांडला नसावा, अशी शंका नानांना त्या रात्री बराच वेळ होती.

रंगुबाईंना मात्र पेटीशी देणंघेणं नव्हतं. त्यांना समुद्र पाहायचा होता. लग्नाआधी एकदा त्यांचा अलिबागला जायचा बेत ठरून मोडला होता. पुढे मुलांची शिक्षणं, म्हशी, दुष्काळ, नातवंडं, असं काही ना काही समुद्राच्या आणि त्यांच्या मध्ये येत गेलं. साठी उलटून गेली तरी त्यांनी पाहिलेलं सर्वांत मोठं पाणी म्हणजे उजनी धरणाचं. "देव काय, इतंबी दिसतो," त्या म्हणाल्या होत्या. "मी समुद्रासाठी चाल्लेय. देवाला सांगू नगा."

पेटी म्हणजे पत्र्याची जुनी ट्रंक होती, वाचनालयातून निकालात काढलेली. नानांनी कर्तव्यबुद्धीने तिची मांडणी केली. रोगानुसार लावणं शक्य नव्हतं, कारण कुठली गोळी कशावर हे मालकांनाही आठवत नव्हतं. म्हणून रंगानुसार कप्पे केले. आपल्याकडून त्यांनी एकच भर घातली, मीठ-साखरेच्या तयार पुड्यांची. आसारामनी त्या पुड्या हातात घेऊन पाहिल्या.

"साखर आपल्या कारखान्याची, मीठ चुलीपाशी. पुडी कशाला?"

आणि त्यांनी स्वतः एका मेडिकलमधून आणलेलं लाल-काळ्या कॅपसूलचं कोरं पाकीट वर ठेवलं. "यात्रेला चाल्लोय म्हनलं तसं दिलं त्यानं. कागद-बिगद काय न्हाई म्हागितला. ही आपली भारी गोळी. ईळ आल्याबिगर काडायची न्हाई."

बस निघाली. या यात्रेत स्वतःचा आचारी असतो, छगन. मागच्या डिकीत गॅस, पातेली, बाजरीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, आणि बायडाबाईंच्या स्वाधीन एक झाकणाचा डबा. त्यात विरजण. हे विरजण त्यांच्या सासूने लावलेल्या दह्यापासून आजवर न तुटता चालत आलेलं होतं. बायडाबाई ते मांडीवर घेऊन बसल्या. त्यांच्या मते परमुलखात पाणी बाधतं, अन्न बाधतं, पण आपलं ताक पोटात असलं की काही बाधत नाही. त्यांचं म्हणणं निम्मं तरी खरं असावं. उरलेल्या निम्म्यासाठी ही हकीकत घडली.

नागपूर मागे पडलं, रायपूर मागे पडलं. त्यानंतर एका फाट्यावर उसाच्या रसाचं गुऱ्हाळ दिसलं आणि बस थांबली. साखर कारखान्यांच्या तालुक्यातला माणूस परक्या राज्यातला ऊस पाहून पुढे जाऊच शकत नाही. त्याला तहान नसते, त्याला निकाल द्यायचा असतो. सगळे उतरले. पहिला पेला पिऊन आसाराम म्हणाले, "ह्यो ऊस न्हवं, काठी हाय." एका पेल्यावर निकाल देणं घाईचं होईल म्हणून दुसरा घेतला. छगनला गोडी कमी वाटली, पण नेमकी किती कमी हे ठरेना, म्हणून तिसरा. बर्फ कुठल्या पाण्याचा हे कुणी विचारलं नाही, कारण चर्चा उसाबद्दल होती. रंगुबाईंनी दोन पेले घेतले. नानांनी अर्धाच घेतला, तोही बर्फ काढून. याला दूरदृष्टी म्हणता येणार नाही. त्यांचे दात थंडीने ठणकतात.

ओडिशात शिरल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रसाने आपला निकाल दिला.

त्या सकाळचं सविस्तर वर्णन करण्याची आवश्यकता नाही. बस माळावर उभी होती, माळाला तुरळक झुडपं होती आणि झुडपांपेक्षा यात्रेकरू जास्त होते एवढं पुरे. थोड्या वेळाने सगळे झाडाखाली जमले आणि आसारामनी नानांकडे पाहिलं.

"नाना, पेटी."

नानांनी पेटी उघडली आणि मीठ-साखरेच्या पुड्या काढल्या. एक पुडी किती पाण्यात घालायची हे त्यांनी पाठ केलं होतं. ते सांगायला त्यांनी घसा साफ केला, पण तेवढ्यात आसारामचा हात त्यांच्या खांद्यावरून पेटीत गेला आणि भारी गोळीचं पाकीट बाहेर आलं.

"निकिताने लिहिलंय," नाना म्हणाले, "की नुसतं पोट बिघडलं असेल तर हिची गरज नसते. ताप असेल तर डॉक्टरांनी..."

"नाना, तुमी पेटी संबाळा. डाक्टर व्हऊ नका."

हे वाक्य नानांना लागलं. आपण डॉक्टर होत नव्हतो, आपण संदर्भ देत होतो, हा फरक त्यांना सांगायचा होता. पण तोपर्यंत नवाच प्रश्न उभा राहिला होता. पाकिटात दहा कॅपसूल होत्या आणि बसमध्ये माणसं त्याच्या तिपटीहून जास्त.

ज्यांना जास्त त्रास त्यांना द्याव्या, असं कुणीतरी सुचवलं. त्यावर जास्त त्रास कुणाला यावर वाद सुरू झाला आणि ज्यांना अजिबात त्रास नव्हता तेही त्यात हिरिरीने उतरले. त्यांचं म्हणणं, वर्गणी सारखी भरली असताना गोळीत दुजाभाव का. आज नसलं तरी उद्या होईल, तेव्हा आम्ही काय करायचं. शेवटी आसारामनी हात वर केला.

"आपल्यात पंगतीत भेद नसतो. एकाला बुंदी आन् एकाला नुसता वरन-भात, आसं कुटं बगितलंय? ज्ये काय आसल ते समद्यांना सारकं."

"सारकं कसं करायचं? कॅपसुलीचं तुकडं व्हत न्हाईत," बायडाबाई म्हणाल्या.

मग छगनला कल्पना सुचली. आचारी लोकांना वाटणीचं जे शास्त्र ठाऊक असतं ते फार थोड्यांना असतं. बायडाबाईंच्या विरजणाने आदल्या मुक्कामी लावलेल्या दह्याचं ताक तयार होतं, त्याचं मोठं पातेलं त्याने पुढे ओढलं, कॅपसूल एकेक करून फोडल्या, आतली भुकटी ताकात टाकली, वरून कोथिंबीर आणि जिरेपूड टाकली, आणि पळी फिरवली.

सगळे झाडाखाली रांगेने बसले. छगन वाढत गेला, प्रत्येकाला एक पळी. कुणाला कमी नाही की कुणाला जास्त नाही. 'अजून घ्या' म्हणून आग्रहसुद्धा झाला. इतकं न्याय्य आणि इतकं चुकीचं वाटप नानांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्यांच्यापुढे पेला आला तेव्हा ते उठले आणि झुडपाकडे निघून गेले. त्या सकाळी झुडपाकडे जाणाऱ्याला कुणी कारण विचारत नसे.

परत आले तेव्हा रंगुबाई पेला संपवत होत्या.

"तू कशाला प्यालीस?"

"पंगतीतून उठायचं आसतं व्हय?"

उरलेल्या ताकातलं चमचाभर बायडाबाईंनी रिवाजाप्रमाणे विरजणाच्या रिकाम्या डब्यात काढून ठेवलं. संध्याकाळी मुक्कामाच्या धर्मशाळेत छगनने दूध आणलं, तापवलं, कोमट केलं, आणि बायडाबाईंनी त्यात ते विरजण लावून पातेलं चादरीत गुंडाळलं.

दिवस उतरेपर्यंत बहुतेकांची पोटं आपसूक ठिकाणावर येत चालली होती. सगळं श्रेय ताकाला गेलं. नानांना माहीत होतं की अशी पोटं अशीच येतात, पण श्रेय देण्याच्या वेळी मध्ये बोलणं त्यांना असभ्य वाटलं. शिवाय आपलंच चुकत असेल, ही शक्यता त्यांनी नेहमीप्रमाणे राखून ठेवली होती.

सकाळी दोन गोष्टी झाल्या. रंगुबाईंना फणफणून ताप भरला होता, पोटात मुरडा होता, आणि त्यांनी नानांना जवळ बोलावून हळूच सांगितलं की रक्त पडतंय. आणि अंगणात बायडाबाईंनी चादर सोडली तर पातेल्यात दूध होतं. दही नव्हतं. कडेलासुद्धा जरा घट्टपणा धरला नव्हता. जसं लावलं तसं दूध.

पहिल्या गोष्टीने नाना घाबरले. दुसऱ्या गोष्टीने सगळी बस हादरली.

"थंडी आसल," आसाराम म्हणाले.

"कसली थंडी? आमच्या सासूबाईंचं विरजान हाय ते. शेकोटी करावी लागंल आशा थंडीत लागलंय ते. त्येला झालं काय?"

सगळे पातेल्याभोवती उभे होते. नाना रंगुबाईंचा हात धरून बाहेर पडत होते, त्यांचं कुणाकडे लक्ष नव्हतं. ते दारात थांबले.

"ते मेलं," नाना म्हणाले.

"काय मेलं?"

"विरजण. विरजणात जंतूच असतात, चांगले. तीच दह्याची करामत. आपण त्यांच्यावर भारी गोळी घातली." आणि मग त्यांना वाटलं की हे फार तुटक झालं, म्हणून त्यांनी पुढे जोडलं, "पोटातही असतात. तसलेच."

 बायडाबाई पातेल्यात बघत राहिल्या. पत्रात दोन पानं खर्ची घालून निकिताला जे पटवता आलं नसतं ते त्या दुधाने न बोलता पटवलं होतं. पण ते पटून रंगुबाईंचा ताप उतरणार नव्हता.

गावातला दवाखाना लहान होता. डॉक्टर तरुण होता आणि त्याला मराठी येत नव्हती. नानांना हिंदी वाचता येत असे, बोलायची वेळ आली नव्हती. डॉक्टरने विचारलं, आधी काही औषध दिलंय का. नानांनी वाक्य मनात जुळवलं, व्याकरण तपासलं, आणि म्हणाले, "दिया है. छाछ में."

"छाछ में?"

"सबको. थोड़ा थोड़ा."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "सबको यानी?"

"पूरी बस को."

 नानांनी मान खाली घातली. ते ताक आपण केलं नाही, आपण झुडपात होतो, असं सांगावं का, याचा त्यांनी विचार केला, पण झुडपात असणं ही काही मोठी बाजू नव्हती. मग डॉक्टरने शौचाचा नमुना तपासायला घेतला, सलाईन लावलं, आणि सांगितलं की इथे गोळीची खरोखरच गरज आहे, पण ती त्या ताकातली नाही. दुसरी. आणि तो सांगेल तितके दिवस. त्याआधी सोडायचा प्रश्नच नाही.

बाहेर व्हरांड्यात आसाराम आणि मंडळी उभी होती. पुरीतल्या खोल्यांचं आरक्षण आजचं होतं.

"नाना, सलायन झालं की घिऊन चला. मागल्या सीटवर निजवू. पेटीत आजून गोळ्या हायेत, हिरव्या हायेत, निळ्या हायेत. वाटंत एकेक दिऊ. कुटली ना कुटली लागू व्हईल."

 मंडळींनी सोबत आणलेली पेटी नानांनी व्हरांड्याच्या भिंतीशी सरकवली आणि तिच्यावर बसले.

"नाना?"

नाना बसून राहिले. वादविवादात आपण हरतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण बसलेल्या माणसाला हरवायला त्याला उचलावं लागतं, आणि निवृत्त ग्रंथपालाला दवाखान्याच्या व्हरांड्यातून उचलणं हे निवृत्त कंडक्टरलाही शोभण्यासारखं नव्हतं. आसारामनी थोडा वेळ वाट पाहिली.

"बरं," ते म्हणाले. "आमी म्होरं जातो. येताना तुमाला घिऊ."

आतून रंगुबाईंनी विचारलं, "बस गेली का?"

"गेली."

"समुद्राकडं?"

नानांनी 'हं' म्हटलं. रंगुबाई भिंतीकडे तोंड करून निजल्या. इथून समुद्र अर्ध्या दिवसाच्या वाटेवर होता. अलिबागही एके काळी फार लांब नव्हतं. नाना त्यांना दर थोड्या वेळाने मीठ-साखरेचं पाणी पाजत राहिले. पुड्या एवढ्या उरल्या होत्या, की त्याबाबतीत तरी त्यांची गैरसोय झाली नाही.

तिसऱ्या दिवशी रंगुबाई उठून बसल्या. चौथ्या दिवशी त्यांनी दवाखान्याच्या भाताला नावं ठेवली, तेव्हा डॉक्टरने घरी जायला परवानगी दिली. राहिलेल्या गोळ्या कशा घ्यायच्या ते त्याने दोनदा सांगितलं, एकदा रंगुबाईंना आणि एकदा नानांकडे रोखून बघत. दुपारी बस आली. सगळ्यांच्या कपाळाला गंध होतं, हातात प्रसादाच्या टोपल्या होत्या. बसचं तोंड श्रीगोंद्याकडे होतं.

रंगुबाई चढून बसल्या. बायडाबाईंनी त्यांच्या हातात एक बाटली दिली. "समुद्राचं पानी आनलंय वैनी तुमच्यासाठी."

रंगुबाईंनी बाटली उजेडाकडे धरली. बाटलीतला समुद्र बाटलीएवढाच दिसत होता.

"नाना, चढा," आसाराम म्हणाले.

नानांनी पेटी बसच्या पायरीवर ठेवली. दार बंद होईना. मग ते तिच्यावर बसले.

"आता काय झालं?"

"समुद्र राहिलाय," नाना म्हणाले.

"आवो, आमचा झाला की."

नाना बसून राहिले. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. आसारामनी हिशोब मांडला. मागे फिरलं तर एक दिवस जातो, डिझेल जातं, नागपूरला संत्र्यांची खरेदी होत नाही. संत्र्यांचा मुद्दा निघाल्यावर बसमध्ये दोन तट पडले. काहींनी नानांना हाताला धरून उठवायची भाषा केली. तेवढ्यात मागच्या सीटवरून बायडाबाई उभ्या राहिल्या.

"माजं विरजान गेलं," त्या म्हणाल्या. "सासूचं व्हतं. ते काय आता यायचं न्हाई. पर हिचा समुद्र हितंच हाय. फिरवा बस."

"आन् संत्री?"

"संत्री बाजारात मिळत्यात, आसाराम. फिरवा म्हनते ना."

बस फिरली.

पुरीच्या किनाऱ्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी रंगुबाई पाण्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. लाट आली, पायावरून गेली, परत गेली. त्या बराच वेळ समोर पाहत होत्या. सगळी बस मागे उभी राहून त्यांच्याकडे पाहत होती, कारण बाकीच्यांचा समुद्र पाहून झाला होता. आसारामनीसुद्धा टोपी काढून हातात धरली होती.

"कसा आहे?" नानांनी विचारलं.

"चांगला हाय." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "उजनीसारकाच हाय. पलीकडचा काठ दिसत न्हाई एवडंच."

त्यांनी वाकून ओंजळभर पाणी घेतलं, जिभेला लावलं आणि थुंकून टाकलं. "तुमच्या पुडीवानीच लागतंय. साखर तेवडी इसारलेत."

परतीच्या वाटेवर बायडाबाईंनी हळूच चौकशी केली की डॉक्टरने दिलेल्या गोळ्यांतल्या दोनेक उरतील का, अजिनाथ परत ऊसतोडीला निघालाय. सवय होती, एवढंच. रंगुबाईंनी पाकीट उलटं करून दाखवलं. "डाक्टरनी मोजूनच दिल्यात. आजची घेतली की सपल्या. अजिनाथला ताप आला तर म्हनावं तितल्या दवाखान्यात जा." त्यांना गल्लीतल्या कुणाला तरी पहिल्यांदाच नाही म्हणायला लागलं होतं आणि त्यात त्यांना थोडी गंमतही वाटत असावी.

गावी आल्यावर पेटीचा प्रश्न उभा राहिला. पेटी कुणी परत नेईना. नानांनी ती उरलेल्या गोळ्यांसह रीतसर निकालात काढायचं ठरवलं. नाल्यात टाकल्या तर तिथले जंतू निर्ढावतील, एवढं त्यांना पत्रावरून उमगलं होतं. ते सरकारी दवाखान्यात गेले. तिथल्या बाईंनी सांगितलं, आमच्याकडे औषध देण्याची नोंद होते, घेण्याची होत नाही. नानांना ते पटलं. वाचनालयात लोक दान म्हणून जुनी पुस्तकं आणत तेव्हा त्यांनीही हेच उत्तर दिलं होतं. मेडिकलवाला म्हणाला, बिल दाखवा. घंटागाडीवाल्याने विचारलं, ओला की सुका. नानांनी विचार करून सांगितलं की काही कॅपसूल आहेत, काही सिरप आहेत, तेव्हा दोन्ही. घंटागाडी निघून गेली.

पेटी पुन्हा ओट्यावर आली. त्या दिवशी नगरहून गिरनारला जाणाऱ्या मंडळींतला एक गृहस्थ आला. त्याला म्हणे कळलं होतं की नानांकडे यात्रेच्या गोळ्यांची मोठी पेटी आहे. बायडाबाई शेजारच्या ओट्यावरून म्हणाल्या, "ह्यांच्याकडं मागू नगा. ते पेटीवर बसत्यात."

गृहस्थाने नानांकडे पाहिलं. नाना खरंच पेटीवर बसले होते. गृहस्थ गेला.

नानांना आपला काही अपमान झाला की सन्मान, हे नीट ठरवता येईना. ते उठले, आत गेले आणि शब्दकोश उघडला. या वेळी मायन्यावर ते अडले नाहीत. एक पोस्टकार्ड घेऊन त्यांनी लिहिलं:

'चि. निकितास अनेक आशीर्वाद. तू विचारलं होतंस की आपल्या गल्लीत उरलेल्या गोळ्यांचं लोक काय करतात. वाटून खातात. कुणाला कमी-जास्त होऊ नये म्हणून या वेळी ताकातून खाल्ल्या. त्यात बायडाबाईंचं विरजण मेलं आणि तुझ्या आजीचा आजार तसाच राहिला. तो पुढे डॉक्टरांच्या औषधाने बरा झाला. आजीने समुद्र पाहिला, तो तिला उजनीसारखा वाटला. उरलेल्या गोळ्यांची पेटी माझ्याकडे आहे. ती इथे कुणी घेत नाही. तुझ्या दवाखान्यात घेत असतील तर कळव. तोवर मी तिच्यावर बसून आहे.'

पोस्टात जाऊन त्यांनी पत्त्याचा पिनकोड दोन वेळा तपासला. कार्ड टपालपेटीच्या फटीत निम्मं सरकवलं आणि पुन्हा बाहेर ओढलं. 'बसून आहे' हे जरा उद्धट वाटतं का, असा त्यांना प्रश्न पडला होता. मागे रांगेत उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या, "नाना, टाका की आता. निकिताला पुण्यात म्हातारपन यायचं."

नानांनी कार्ड सोडलं. ते आत पडलं, आणि मग त्यांना आठवलं की उशिराबद्दल क्षमा मागायची राहिली होती.